विमानाचा पाचवा हिस्सा

झांबियातल्या लिव्हिंगस्टन गावाजवळ माराम्बा नावाची एक लहानशी धावपट्टी आहे. व्हिक्टोरिया धबधबा बघायला आलेले पर्यटक सकाळी सकाळी इथे येतात ते मायक्रोलाइट या हलक्या विमानातून फेरी मारायला. पैसे भरून, कागदावर सही करून झाली की पर्यटकाला वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. आकडा शंभर किलोंच्या पलीकडे गेला की बहुधा नकारच मिळतो. मग खिसे रिकामे करायचे. मोबाइल, नाणी, किल्ल्या, टोपी, गळ्यातला रुमाल, सगळं इथेच ठेवून जायचं. कॅमेरासुद्धा. फोटो हवे असतील तर पंखाखाली घट्ट बसवलेला कॅमेरा ते काढतो आणि खाली उतरल्यावर विकत घेता येतात.

कॅमेऱ्याला बंदी का, हे यंत्राकडे पाहिल्यावर कळतं. तीन चाकं, दोन सीटा, डोक्यावर कापडी पंख आणि प्रवाशाच्या पाठीमागे हातभर अंतरावर गरगर फिरणारा पंखा. दार नाही, काच नाही, भिंत नाही. हातातून निसटलेली वस्तू वाऱ्याबरोबर सरळ मागे जाते आणि पंख्यात सापडते. पंख्याचं पातं तुटलं तर यंत्र हादरतं आणि इंजिन बंद करावं लागतं. म्हणून रुमालाचंसुद्धा भय.

वजनाची गोष्ट त्याहून महत्त्वाची. दोन माणसांच्या मायक्रोलाइटसाठी जगात अनेक देशांनी वर्षानुवर्षं ४५० किलोंची मर्यादा पाळली. भारतातही हाच आकडा आहे. त्यात माणसं, पेट्रोल, यंत्र सगळं आलं. हिशेब मांडून पाहावा. चांगल्या इंजिनाचं रिकामं यंत्र साधारण २३० किलो, चाळीस लिटर पेट्रोल तीस किलो, वैमानिक ऐंशी किलो. उरले एकशे दहा. एअरबस ए-३२० च्या कमाल वजनात ऐंशी किलोंचा प्रवासी हजारात एक भरतो. इथे तोच माणूस जवळजवळ पाचवा हिस्सा असतो. मोठ्या विमानात प्रवासी ही आत ठेवलेली एक गोष्ट असते. मायक्रोलाइटमध्ये धावपट्टी किती लांब लागेल, वर चढायला किती वेळ लागेल, पेट्रोल किती भरायचं, हे सगळं मागे कोण बसणार यावर ठरतं.

फटीत कोसळणारी नदी

एवढा खटाटोप करून वर जायचं कारण धबधब्याच्या रचनेतच आहे. झांबेझी नदी इथे १,७०८ मीटर रुंदीच्या कड्यावरून सुमारे १०८ मीटर खाली कोसळते, पण समोर मोकळी दरी नाही. नदी पडते ती एका अरुंद, लांबलचक फटीत, आणि फटीचा पलीकडचा काठही तेवढाच उंच. बघणारा माणूस त्या पलीकडच्या काठावर उभा राहतो, तेव्हा त्याला समोरचा तुकडा तेवढा दिसतो. एप्रिलच्या सुमारास नदी भरून वाहते, त्या वेळी तर तुषारांच्या पडद्यामुळे समोरचा कडाही दिसेनासा होतो. हे तुषार चारशे मीटरहून अधिक उंच उडतात. स्थानिक भाषेतलं ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गडगडणारा धूर, हे नाव त्यावरूनच पडलं. धबधबा एका नजरेत सबंध बघायचा तर वर जाण्यावाचून इलाज नाही.

वरून आणखी एक गोष्ट दिसते. धबधब्याच्या खालच्या बाजूला नदी नागमोडी घळींमधून वाहते, आणि त्यातली एकेक घळ म्हणजे धबधब्याची पूर्वीची जागा आहे. इथला खडक सह्याद्रीसारखाच बेसॉल्ट, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचा, वयाने मात्र आपल्या दख्खनच्या खडकापेक्षा पुष्कळ जुना. त्यातल्या भेगा पोखरत पोखरत नदी मागे सरकत गेली. भूगोलाच्या पुस्तकातली आकृती पाहावी तसा हा सगळा इतिहास ओळीने मांडलेला दिसतो. १९०५ साली बांधलेला रेल्वेचा पोलादी पूल एका घळीवर काडीएवढा दिसतो.

फेरी पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची. लांबच्या फेरीत धबधब्याच्या वरच्या अंगाची बेटं आणि मोसी-ओआ-तुन्या राष्ट्रीय उद्यान येतं. नदीत डुंबणारे पाणघोडे आणि काठाने चालणारे हत्ती ओळखू येतील इतपतच उंचीवरून हे यंत्र जातं.

स्वयंपाकघरातला पडदा

या पंखाचं मूळ अमेरिकेत एका घरगुती प्रयोगात आहे. फ्रान्सिस रोगॅलो हे सरकारी हवाई संशोधन संस्थेत अभियंता होते. मऊ, घडी घालता येईल असा पंख बनवायचा ध्यास त्यांनी आणि पत्नी गरट्रूड यांनी घेतला होता. कार्यालयात त्या कल्पनेला कोणी भीक घालेना, तेव्हा दोघांनी घरीच पंखे लावून वाऱ्याचा बोगदा तयार केला आणि १९४८ साली स्वयंपाकघराच्या पडद्याचं कापड वापरून पंखाचा नमुना उडवून दाखवला. पुढे नासाने जेमिनी अवकाशयानं जमिनीवर उतरवण्यासाठी या पंखाच्या चाचण्या घेतल्या, पण शेवटी निवड झाली ती नेहमीच्या पॅराशूटची.

पंख वाया गेला नाही. १९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावात जॉन डिकन्सन यांनी त्याच धर्तीच्या पंखाला त्रिकोणी दांडा जोडला आणि मोटरबोटीमागे दोरीने ओढून तो हवेत उडवला. दांडा धरून शरीराचं वजन इकडेतिकडे झुकवायचं, की पंख वळतो. हँग ग्लायडिंगचा खेळ त्यातून जगभर पसरला. इंजिन जोडण्याचा मान जॉन मूडी यांचा. विस्कॉन्सिनमध्ये १९७५ च्या मार्चमध्ये त्यांनी दुपंखी हँग ग्लायडरला गो-कार्टचं इंजिन लावलं आणि स्वतःच्या पायांनी धावत उड्डाण केलं. पुढच्या वर्षी ऑशकॉशच्या विमान मेळ्यात हजारोंच्या गर्दीने ते पाहिलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पंखाखाली चाकांची गाडी लटकवण्याची कल्पना बाजारात आली. हीच ट्राइक. पायांनी धावायचं संपलं आणि दुसऱ्या माणसासाठी सीट तयार झाली.

मागच्या सीटवर

ट्राइकची संपूर्ण गाडी पंखाला एकाच जाड बोल्टने टांगलेली असते. कडीला झोपाळा लटकावा तशी ती खाली लटकते, आणि वैमानिक दांड्याने पंख हलवतो तेव्हा खरं तर तो आपलं, प्रवाशाचं आणि इंजिनाचं वजन पंखाखाली सरकवत असतो. मागची सीट त्या बोल्टच्या जवळपास खाली येते. वैमानिक एकटा असो वा मागे कोणी बसलेलं असो, यंत्राचा तोल फारसा बिघडू नये म्हणून ही योजना. सीट पुढच्यापेक्षा थोडी उंच, आणि प्रवाशाचे गुडघे वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले. अनोळखी माणसाला इतकं खेटून बसण्याचा संकोच पट्टा आवळेपर्यंतच टिकतो.

हेल्मेटमध्ये हेडफोन आणि माइक असतो, कारण त्याशिवाय इंजिनाच्या आवाजात शब्दही ऐकू येत नाही. पाय कुठे ठेवायचे ते वैमानिक दाखवतो. दांड्याला हात लावायचा नाही, हे दोनदा सांगतो. जाकीट मात्र घालावंच लागतं. तीनशे मीटर उंचीवर तापमान जेमतेम दोन अंशांनी उतरतं, पण ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरचा वारा सरळ अंगावर येतो. जून-जुलैत लिव्हिंगस्टनला हिवाळा असतो, तेव्हाच्या सकाळच्या फेरीत दात वाजायला लागतात.

उड्डाणाला शंभर-दीडशे मीटर जमीन पुरते. ज्यांनी फक्त प्रवासी विमानं पाहिली आहेत त्यांना अजून वेग घेतोय असं वाटत असतानाच चाकं जमीन सोडतात. त्यानंतर नजरेला अडवणारं काहीच नसतं. पायाखाली थेट झाडं. उंचीची भीती असलेल्यांपैकी पुष्कळांना इथे ती जाणवत नाही, कारण इमारतीच्या गच्चीवर असते तशी जमिनीपर्यंत जाणारी कड इथे नजरेला दिसत नाही.

हवेचे हेलकावे मात्र मोठ्या विमानापेक्षा जास्त जाणवतात. एअरबस ए-३२० च्या पंखाच्या दर चौरस मीटरवर सहाशेहून अधिक किलोंचा भार असतो. ट्राइकच्या पंखावर तो तीसच्या आसपास. इतका हलका पंख वाऱ्याच्या प्रत्येक झोताला मान देतो. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ वर उठायला लागतात आणि यंत्र त्यात वरखाली होतं. म्हणूनच अशा फेऱ्या सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत आणि मग संध्याकाळकडे ठेवतात. दुपारी वैमानिक सावलीत बसून चहा पितात.

कायद्याच्या नजरेतून

अमेरिकेत खरं अल्ट्रालाइट, म्हणजे सर्वांत हलक्या वर्गातलं यंत्र, घेऊन कोणाला फिरवून आणणं बेकायदा आहे. तिथला १९८२ चा नियम या यंत्रांना परवान्यातून, नोंदणीतून मोकळीक देतो, पण बदल्यात अटी कडक: रिकामं वजन ११५ किलोंच्या आत, पेट्रोल १९ लिटर, वेग ताशी सुमारे शंभर किलोमीटर, आणि माणूस एकच. स्वतःचा जीव धोक्यात घालायचा तर घाला, दुसऱ्याचा नको, असा त्यामागचा विचार. २००४ साली ‘लाइट स्पोर्ट’ हा नवा वर्ग आला, ६०० किलोंपर्यंतचा, दोन माणसांचा. त्यात पैसे घेऊन शिकवणी देता येते. त्यामुळे अमेरिकेत पैसे देऊन मागे बसणारा माणूस कागदोपत्री शिकाऊ असतो.

ब्रिटनमध्येही तेच. वाढदिवसाची भेट म्हणून तिथे मायक्रोलाइटच्या फेरीचं व्हाउचर सर्रास दिलं जातं, पण ती असते पहिली शिकवणी. प्रशिक्षक हवेत स्थिरावल्यावर पाच मिनिटं तरी यंत्र पाहुण्याच्या हाती देतो. तिथे नवख्यांची एक गंमत होते. ट्राइकमध्ये दांडा पुढे ढकलला की नाक वर उचललं जातं. बंद केबिनच्या, शेपटीवाल्या मायक्रोलाइटमध्ये दांडी पुढे ढकलली की नाक खाली जातं. एकाची सवय दुसऱ्यात घेऊन जाणारा वैमानिक स्वतःलाच गोत्यात आणतो, म्हणून दोन्हींचं प्रशिक्षण वेगळं असतं.

पाहुणा नव्हे, सूत्रधार

मागच्या सीटवरचा माणूस कुठे कुठे वैमानिकाइतकाच कामाचा असतो. ऑस्ट्रियाचे जीवशास्त्रज्ञ योहानेस फ्रिट्झ यांचा प्रकल्प हे त्याचं उदाहरण. नॉर्दर्न बाल्ड आयबिस हा टकला, लांब चोचीचा पक्षी मध्य युरोपातून सतराव्या शतकात नाहीसा झाला. बंदिवासात वाढवलेल्या पिल्लांना स्थलांतराची ओढ असते, पण दक्षिणेची वाट ठाऊक नसते. ती आईबापांमागून उडत शिकायची असते. म्हणून पिल्लं जेमतेम काही दिवसांची असल्यापासून दोघी सांभाळकर्त्या त्यांना हाताने भरवतात, आणि शरद ऋतू जवळ आला की मागच्या सीटवर बसून हाका मारतात. पक्षी त्या हाकेमागे उडतात. वैमानिकाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. २००४ पासून हे थवे आल्प्स ओलांडून इटलीतल्या टस्कनीत नेले गेले. हवामान बदलल्याने पक्षी उशिरा निघून आल्प्सच्या बर्फात अडकू लागले, तेव्हा २०२३ पासून वाट बदलली आणि थवा स्पेनच्या अंदालुसियापर्यंत, दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर नेला गेला.

या कल्पनेचे मूळ पुरुष कॅनडाचे शिल्पकार बिल लिशमन. १९८८ साली त्यांनी कॅनडा हंसांचा थवा अल्ट्रालाइटमागे उडवला आणि १९९३ साली ऑन्टारिओहून व्हर्जिनियापर्यंत नेला. १९९६ चा ‘फ्लाय अवे होम’ हा चित्रपट त्यावरच बेतलेला. त्यांच्या वाटेने पुढे २००१ पासून विस्कॉन्सिन ते फ्लॉरिडा असे दुर्मीळ व्हूपिंग क्रेन नेले गेले.

प्रवाशाला पैसे देऊन या अनुभवात शिरायचं असेल तर फ्रान्समधल्या कान्ताल प्रांतात जावं लागतं. हवामानशास्त्रज्ञ क्रिस्तियान मुलेक १९९५ पासून हंसांबरोबर उडतात. आपण वाढवलेल्या पक्ष्यांबरोबर तिथे ते पाहुण्यांनाही नेतात. प्रवाशाचं काम एकच, गप्प बसणं आणि हात बाहेर काढायचा तर हळू काढणं. हंस इतके जवळून उडतात की बोटं पिसांना लागतात. इथे अल्ट्रालाइटचा कमी वेग हाच त्याचा गुण ठरतो. याहून वेगवान यंत्रामागे हंस टिकणारच नाहीत.

मुंबई, बंगळुरू आणि ‘गरुड’

भारतात या यंत्राला प्रसिद्धी मिळवून दिली ती मुंबईच्या एका उद्योगपतीने. रेमंडचे तत्कालीन अध्यक्ष विजयपत सिंघानिया यांनी १९८८ साली ब्रिटनहून भारतापर्यंत एकट्याने मायक्रोलाइट उडवत आणलं. तेवीस दिवस लागले. जे यंत्र तासाभराच्या मौजेसाठी बनवलं जातं त्याने दोन खंड ओलांडायचे, म्हणजे दर काही तासांनी पेट्रोल, दर देशात परवानगी आणि सबंध वाटेवर हवामानाची मनधरणी. याच सिंघानियांनी २००५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईहून गरम हवेच्या बलूनमधून सुमारे २१ हजार मीटरची विक्रमी उंची गाठली आणि नाशिक जिल्ह्यातल्या पांचाळे गावाजवळ ते उतरले.

महाराष्ट्रातल्या कॉलेजवयीन मुलामुलींना मात्र मायक्रोलाइट भेटतं ते एनसीसीच्या हवाई शाखेत. कॅडेटला प्रशिक्षकाशेजारी बसवून वर नेतात आणि थोडा वेळ दांडीही हाती देतात. २०१५ साली भारताने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीकडून १९४ व्हायरस एसडब्ल्यू-८० विमानं मागवली, हवाई दलाला ७२, नौदलाला १२ आणि एनसीसीला ११०. भारतात त्यांचं नाव ‘गरुड’. बंद केबिन, शेजारी-शेजारी सीट, पुढे ऐंशी अश्वशक्तीचं इंजिन. ट्राइकपेक्षा हे कितीतरी अधिक विमानासारखं वाटतं.

हौशी माणसासाठी बंगळुरूचं जक्कूर विमानतळ आणि म्हैसूर ही दक्षिणेतली ओळखीची नावं. तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या छोट्या फेऱ्या होत आल्या आहेत. यंत्राच्या अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणी आहे का, हे फेरीआधी बघून घ्यावं, भारतात मायक्रोलाइटलाही ती प्रवासी विमानासारखीच सक्तीची आहे.

इंजिन बंद पडलं तर

हा प्रश्न प्रत्येक प्रवासी विचारतो, आणि उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. जगातल्या बहुसंख्य मायक्रोलाइटची इंजिनं ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची. तिच्या दोन-स्ट्रोक इंजिनांच्या पुस्तिकेत कंपनी स्वतःच बजावते की हे इंजिन कोणत्याही क्षणी अचानक थांबू शकतं. अशा ५८२ इंजिनाची संपूर्ण उस्तवार तीनशे तासांनी करावी लागते. चार-स्ट्रोक ९१२ इंजिन महाग आणि जड, पण त्याची मर्यादा नव्या मॉडेलांत दोन हजार तासांपर्यंत गेली आहे. फेरी देणाऱ्या ठिकाणी कोणतं इंजिन आहे, ते विचारायला संकोच करू नये.

इंजिन थांबलं म्हणून यंत्र दगडासारखं पडत नाही. पंख तसाच आहे, तो तरंगत खाली येतो. ट्राइक साधारणपणे एक मीटर खाली येताना पाच-सहा मीटर पुढे जाते. तीनशे मीटरवर असेल तर दीड-दोन किलोमीटरच्या परिघात उतरायला जागा हवी. म्हणून जाणता वैमानिक गप्पा मारतानाही नजरेने शेतं हेरत असतो, आणि ज्या घळीत किंवा जंगलात उतरता येणार नाही त्यावरून जाताना उंची जास्त ठेवतो.

दुसरी सोय म्हणजे संपूर्ण यंत्रासाठी एकच मोठं पॅराशूट. त्यामागे बोरिस पोपोव यांचा अनुभव आहे. १९७५ साली अमेरिकेत मिनेसोटात त्यांचं हँग ग्लायडर हवेत मोडलं आणि ते सुमारे १२० मीटरवरून तळ्यात कोसळले. वाचले, आणि १९८० साली त्यांनी बीआरएस ही कंपनी काढली. हँडल ओढलं की छोटं रॉकेट पॅराशूट बाहेर खेचून काढतं आणि माणसांसकट यंत्र खाली उतरतं. पॅराशूटला उघडायला उंची लागते, त्यामुळे अगदी जमिनीलगत त्याचा भरवसा धरता येत नाही. यंत्रावर ते आहे का आणि हँडल कुठे आहे, हे प्रवाशालाही माहीत असावं. वैमानिकाला काही झालं तर ते ओढणारा दुसरा माणूस तोच.

आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे: वाऱ्यामुळे फेरी रद्द करावी लागली तर काय? चांगल्या ठिकाणी पैसे परत मिळतात किंवा दुसरी वेळ दिली जाते. ‘थोडा वारा आहे, पण जाऊ’ असं कोणी म्हणालं तर प्रवाशानेच मागे फिरावं. सहलीच्या आखणीत ही फेरी शेवटच्या दिवशी ठेवू नये. पहिल्या सकाळीच ठेवावी, म्हणजे हवेने साथ दिली नाही तरी आणखी दोन सकाळी हाताशी राहतात.